बावधनचा अकरावा मजला, वारज्याचा दुसरा

या प्रकरणातली माणसं माझ्या घरचीच आहेत. माझी भाची, तिचा नवरा, त्यांची साडेचार वर्षांची मुलगी आणि भाचीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. नावं देत नाही. आकडे मात्र त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे देतोय, कारण घर घेतलेली माणसं आकडे सोडून बाकी सगळं सांगतात. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे कुणाचं घर ठरायला लागलं की कागद माझ्याकडे येतात. फक्त बहुतेक वेळा टोकनचा चेक दिल्यानंतर येतात. भाची आदल्या रात्री आली.

एप्रिल २०२४ मधली गोष्ट. पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि पुण्यात बावधनला त्यांनी पाहिलेल्या घराच्या बिल्डरची 'पाडवा ऑफर' रविवारी संपणार होती.

आधी परिस्थिती. भाची फिजिओथेरपिस्ट, डेक्कनजवळ एका रुग्णालयात. जावई चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला. कापून-छाटून हातात येणारा पगार त्याचा ८० हजार, तिचा ४८ हजार, मिळून १ लाख २८ हजार. राहायला कर्वेनगरला, २४ हजार भाडं. चार वर्षांत हे त्यांचं तिसरं घर. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाचा फोन येतो, 'मुलगा परत येतोय'. मालकांची मुलं नेमकी करार संपताना परत येतात हे मी स्वतःही भोगलंय. मुलगी मोठ्या गटात जायची होती आणि आता शाळा बदलायची नाही, हे भाचीच्या मनाने घेतलं होतं. घराची घाई होती ती यासाठी.

शिल्लक २४ लाख. एफडी, म्युच्युअल फंड, आणि लग्नानंतर एकदाही परदेशी न गेल्याचे पैसे. जावयाचा पीएफ वेगळा, त्याला हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं.

बजेट किती, असं विचारल्यावर जावई म्हणाला, "मामा, पंच्याऐंशी." भाची म्हणाली, "पंच्याण्णवपर्यंत ओढू." टेबलावरच्या कोटेशनवर आकडा होता ९८ लाख.

हे सरकणं मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पाच महिन्यांपूर्वी दिवाळीत तेच दोघं ७० म्हणत होते. मग बँकेच्या माणसाने पगारपत्रकं बघून सांगितलं की ८० लाखांपर्यंत कर्ज बसतं, आणि त्या दिवसापासून बजेट म्हणजे बँक देईल ते, अशी समजूत झाली. बँक किती देते ते बँकेच्या वसुलीच्या हिशेबाने ठरतं. विहीणबाईंच्या गुडघ्यांची औषधं, साताऱ्याकडच्या घराची कौलं आणि मुलीची शाळा त्या हिशेबात नसतात. मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून हे म्हणायचा मला थोडा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर साइटवर गेलो.

घर खरंच सुंदर होतं. म्हणजे घर अजून नव्हतंच, खड्डा होता आणि क्रेन होती. सुंदर होता तो सॅम्पल फ्लॅट. थ्री बीएचके, अकरावा मजला, पश्चिमेला एनडीएच्या, म्हणजे लष्करी प्रबोधिनीच्या, बाजूचे डोंगर. भाची बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि तिथून हलेना. तिने हाताने माप घेतलं, झोपाळा इथे बसेल. तिच्या आजोळी, म्हणजे आमच्याच वाड्यात, ओसरीवर झोपाळा होता. तो वाडा आम्ही भावंडांनी विकला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. झोपाळ्याच्या पितळी कड्या अजून तिच्याकडे आहेत. हे मला ठाऊक होतं म्हणून मी तिथे काही बोललो नाही.

मी आपला टेप काढला. मास्टर बेडरूममधल्या पलंगाची लांबी भरली पाच फूट सात इंच. आपल्या घरातला पलंग सव्वासहा फुटांचा असतो. मी त्यावर आडवा झालो तर टाचा हवेत. सेल्सची मुलगी हसली, मीही हसलो. आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नव्हती, कपाटाच्या जागी भिंतभर आरसा होता. दार उघडायला लागणारी अडीच फुटांची जागा आणि कपाटाची दोन फूट खोली मनातल्या मनात घातली की तिसरी बेडरूम देवघराएवढी उरत होती. 'युजेबल कार्पेट ९८०' असं कोटेशनवर छापलेलं. कायद्यात असा शब्द नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये (घराच्या आतल्या क्षेत्रफळात) आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या फ्लॅटचं कार्पेट ८८० चौरस फूट होतं. आणि ताबा तोंडी डिसेंबर २०२६ असला, तरी नोंदणीत पूर्ण होण्याची तारीख डिसेंबर २०२७ होती. हे फोनवर पाच मिनिटांत बघता येतं. त्यांनी बघितलं नव्हतं, कारण त्यांना ते घर आवडलं होतं.

घरी येऊन मी एक कागद घेतला.

करारातली किंमत ९८ लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ६ लाख ८६ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, ४ लाख ९० हजार. वीज मीटर, क्लबहाउस, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम वगैरे बिल्डरचे 'इतर आकार' अडीच लाख. ट्रॉल्या, कपाटं, पंखे, जाळ्या, गीझर यांना हात आखडता घेऊनही ५ लाख. बेरीज १ कोटी १७ लाख ५६ हजार.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के एवढीच मर्यादा. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत. म्हणजे पगाराने ८० लाखांचं कर्ज बसत असलं तरी या घरावर ७५ लाखांच्या पुढे मिळणार नाही. उरलेले ४२ लाख ५६ हजार खिशातले हवेत. खिशात २४. साडेअठरा लाखांचा खड्डा, आणि तोही सगळी शिल्लक झाडून पुसून दिल्यावर.

जावई बराच वेळ कागदाकडे बघत होता. त्याला वाटत होतं हप्ता जड जाईल, एवढंच. हप्ता जड होताच. तेव्हाच्या साडेआठ टक्के दराने २० वर्षांना लाखामागे ८६८ रुपये, म्हणजे महिना ६५,१००. पण हप्त्याच्या आधीच गाडी अडत होती. माझ्या नोकरीत मी जी मोडलेली घरं पाहिली त्यातली बरीचशी अशीच होती: पगार भरपूर, आणि हा वरचा खड्डा बुजवायला पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, मेव्हण्याकडून उसने. ती कर्जं कागदावर दिसत नाहीत आणि आधी तीच गळा आवळतात.

"वावर आहे ना," असं जावई हळूच म्हणाला. साताऱ्याकडे तीस गुंठे. विहीणबाई आतून म्हणाल्या, "ते मी मेल्यावर." विषय संपला.

ऑफर त्या रविवारी संपली. पुढच्या शुक्रवारी सेल्सच्या मुलीचा फोन आला, 'सर, तुमच्यासाठी अक्षय्य तृतीयेपर्यंत वाढवून घेतलीय.'

खरं बजेट काढायला आम्ही तीन महिन्यांची खाती उघडली. हे काम नवरा-बायकोला एकमेकांसमोर करायला लावणं म्हणजे थोडा जुलूम आहे. पण किराणा, शाळा, पेट्रोल, विमा, गावाकडचे पैसे, कामवाल्या मावशी, सण आणि २४ हजार भाडं जाऊन, शिवाय म्युच्युअल फंडातली दरमहा १५ हजारांची एसआयपी जाऊन, महिनाअखेर साडेअठरा हजार शिल्लक राहत होते. भाडं वाचणार. एसआयपी दहावर आणायची, बंद करायची नाही. त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टीचे तीन हजार काढायचे, दोन हजार अंगावर मोकळे ठेवायचे. हप्त्याला उरले साडेबेचाळीस. मी ४२ धरले. ४२ हजारांत ४८ लाखांचं कर्ज बसतं. शिल्लक २४ मधले ४ लाख आजारपण-अडचणीला बाजूला; भाची ६ म्हणत होती आणि पुढे तिचंच बरोबर ठरलं. म्हणजे सगळं धरून ६८ लाख. खर्च वजा केले तर घराची किंमत साठाच्या आसपास.

९८ वरून ६०. भाची त्या दिवशी न जेवता गेली. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, रात्री फोन आला: "तुला आकडे दिसतात, पोरीचं तोंड दिसत नाही."

बहिणीचं म्हणणं खोडून काढावं असं मला वाटलं नाही. म्हणून पुढच्या वेळी कागद घेऊन बसलो नाही. भाचीला एवढंच विचारलं, "मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तू त्या घरात काय करत असशील?"

"सातला मी पोचतच नाही. सव्वासात-साडेसात होतात."

"मग?"

मग कुकर, मुलीचा अभ्यास, उद्याची भाजी. पोहण्याचा तलाव, क्लबहाउस, जॉगिंग ट्रॅक, सगळं तिच्याच तोंडून एकेक करून गळलं. डोंगर राहिले, पण साडेसातला डोंगर काळे असतात. तिसरी खोली कशाला, तर सासूबाईंना दुपारी शांत पडता यावं म्हणून. बाल्कनी कशाला, तर त्यांना दिवसभर बसायला. म्हणजे त्या एक कोटी साडेसतरा लाखांतला मोठा वाटा ज्यांच्यासाठी होता त्या स्वयंपाकघरात शेंगा निवडत होत्या आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, "मला अकराव्या मजल्यावरनं खाली बघितलं की पोटात गोळा येतो. लिफ्ट असूदे, लाइट गेली तरी चालणारी. देवळापर्यंत चालत जाता आलं पाहिजे. आणि खाली चार बायका बोलायला असाव्यात. हितं त्या आहेत." थोड्या वेळाने, "माझी खोली पोरीला द्या, मी हॉलमध्ये झोपते. गावाला काय महाल होता का?"

इथे एक सांगायला हवं. सासूबाईंचं ऐकून भाचीचं स्वप्न विरघळलं वगैरे काही झालं नाही. ती म्हणाली, "मामा, मला ते घर माझ्यासाठी पण हवं होतं. वापरायला नाही. असावं म्हणून." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

त्यानंतर चौदा घरं पाहिली. बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखं नाही. पुनावळ्याला ६६ लाखांत नवंकोरं टू बीएचके होतं, चाकण जवळ, पण भाचीला डेक्कनला यायला रोजचे दोन-अडीच तास गेले असते. नऱ्हे-आंबेगावला स्वस्त होतं. तिथे टँकर आत येताना दिसला, म्हणून मेंटेनन्स विचारला. साडेचार हजार, 'उन्हाळ्यात थोडा जास्त'.

एक मात्र सविस्तर सांगतो. सिंहगड रस्त्यावरून मुठेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत रीसेलचा फ्लॅट, पहिला मजला, ७२० चौरस फूट कार्पेट, मागणी ५८ लाख. जून महिना, पाऊस नुकता लागलेला, मागे झाडं. सगळ्यांना आवडला, मलाही. बजेटात होता, मोठा होता, देऊळ कोपऱ्यावर. निघताना विहीणबाई पार्किंगमध्ये थांबल्या आणि वर बघत म्हणाल्या, "मीटर एवढे उंच कशाला लावलेत?" खरंच, विजेच्या मीटरची पेटी डोक्याच्याही वर होती आणि तिथपर्यंत नवी पाइप चढवलेली. जुन्या पेटीचे खिळे खाली, कमरेच्या उंचीवर तसेच. मालक म्हणाले, "उंदीर." मी म्हटलं, पूररेषेचा नकाशा बघू, मग विसार देऊ. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदीकाठी घर घेताना या दोन रेषा बघितल्याशिवाय पुढे जायचं नसतं. नकाशात दोन-तीन आठवडे गेले. जावई कुरकुरला, घर हातचं जाईल म्हणाला.

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठची एकतानगरी पाण्यात गेली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या गल्लीतही पाणी शिरलं. जावयाने मला पार्किंगचा फोटो पाठवला, कुणाच्यातरी ग्रुपवरून आलेला. मीटर कोरडे होते.

स्वप्नातलं घर बजेट मोडतं हे सगळे सांगतात. बजेटात बसलं म्हणून हुरळून घेतलेलं घरही तेवढंच महाग पडतं, हे कुणी फारसं सांगत नाही. त्या ५८ लाखांच्या घरात आम्ही सगळे आकडा जमल्याच्या आनंदात होतो आणि शहाणपण फक्त विहीणबाईंकडे शिल्लक होतं.

वारज्याचा फ्लॅट सप्टेंबरात सापडला, पितृपक्षात. भाचीच्याच एका पेशंटकडून कळलं. अठरा वर्षांची इमारत, दुसरा मजला, लिफ्टला जनरेटर, ६४० चौरस फूट कार्पेट. हॉलला साडेचार फुटांची बाल्कनी, ती मालकांनी काचा लावून बंद केलेली. महामार्गाच्या पुलाखाली जावयाच्या कंपनीची बस थांबते. डेक्कन सात-आठ किलोमीटर. मुलीची शाळा तीच राहणार. खाली बाकावर पाच बायका बसलेल्या होत्या. विहीणबाई त्यांच्याशी बोलायला थांबल्या आणि वर आल्याच नाहीत. मालक निवृत्त गृहस्थ, मुलाकडे हैदराबादला जायचे. मागणी ६८ लाख.

पितृपक्षात घराचं बोलायचं नाही असं विहीणबाईंचं म्हणणं. मी म्हटलं, बोलायला काय हरकत आहे, विसार घटस्थापनेला देऊ. माझा हिशेब साधा होता. त्या पंधरा दिवसांत घर बघायला दुसरं कुणी येत नाही आणि विकणाऱ्याला ते कळत असतं.

भाव उतरवायला खरा उपयोग झाला तो मात्र कागदांचा. भोगवटा पत्र होतं, शेअर सर्टिफिकेट होतं, आधीच्या करारांची साखळी पूर्ण होती. पण सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेलं नव्हतं. सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव. पुण्यात अशा सोसायट्या किती आहेत ते विचारू नका. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर-जमीनमालकाने करून दिलं नाही तरी ते करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, सोसायटीने अजून केलेला नव्हता. त्यामुळे कर्ज अडत नाही, पण उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटली तर हाच कागद आडवा येतो. मी ते मालकांना स्वच्छ सांगितलं. भांडण नाही काही नाही, त्यांनाही ठाऊक होतं. ६८ चे ६४ झाले.

मग मालकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आठ रोख द्या, कागदावर छप्पन्न दाखवू. तुमचं मुद्रांक शुल्क वाचेल."

हे जवळपास प्रत्येक रीसेल व्यवहारात एकदा येतं. जावई माझ्याकडे बघायला लागला. मी तिथेच पाकिटाच्या मागे मांडून दाखवलं. मुद्रांकात वाचतील पन्नासेक हजार. पण बँक कर्ज देते कागदावरच्या किमतीच्या ८० टक्के. कागदावर आठ लाख कमी म्हणजे कर्ज ६ लाख ४० हजारांनी कमी, आणि तेवढे पैसे यांनी शिलकीतून काढायचे. पन्नास हजारांसाठी सहा लाख. शिवाय घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. हे शेवटचं ऐकल्यावर मालकांनी विषय सोडला. ६२ लाख ५० हजारांना सौदा ठरला, सगळे चेकने. ३ ऑक्टोबर, घटस्थापना, विसार पावती एक लाखाची.

नावाचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र घरात दोन दिवस ताण होता. महाराष्ट्रात निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. साडेबासष्ट लाखांवर साडेबासष्ट हजार. पूर्वी अशा घेतलेल्या घराची विक्री पुरुषाला पंधरा वर्षं करता येत नव्हती. ती अट २०२३ मध्ये निघाली. जावयाचं नाव घरावर नसलं तर त्याला प्राप्तिकरात व्याजाची सूट मिळणार नाही, असा मुद्दा त्याच्या मित्राने काढला. पण दोघंही नव्या करप्रणालीत होते आणि तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाला सूट नाहीच. म्हणजे हिशेबाने भाचीच्या एकटीच्या नावावर घेणं सरळ फायद्याचं होतं.

हिशेबाने. विहीणबाई गप्प झाल्या होत्या. शेवटी जावईच म्हणाला, "आई, हप्ता दोघांचा जाणार, नाव एकाचं असलं म्हणून काय झालं." त्या म्हणाल्या, "माझं काही नाही. पाटी लावशील ना दोघांची?" पाटी दोघांची आहे. मुलीचंही नाव आहे, खडूने, खाली.

तर शेवटचा हिशेब असा: किंमत ६२.५० लाख, मुद्रांक ६ टक्क्यांनी ३ लाख ७५ हजार, नोंदणी ३० हजार, सोसायटीची हस्तांतरण फी २५ हजार (याहून जास्त घेता येत नाही, मागितली तर विचारा), दलाली १ टक्का, डागडुजी ३ लाख. एकूण ७० लाख ४३ हजार. रीसेलला जीएसटी नाही. कर्ज ५० लाख, हप्ता ४३,४००. ठरवलेल्या ६८ पेक्षा अडीच लाख वर गेलो, हप्ता चौदाशेने वर गेला. पन्नास लाखांच्या वरचं घर असल्याने मालकांच्या पैशातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापून त्यांच्या पॅनवर भरायचा असतो, तो जावयाने भरला. ते विसरलं की नोटीस विकणाऱ्याला येत नाही, आपल्याला येते.

आता माझी चूक. डागडुजीचे तीन लाख मी अंदाजाने लिहिले होते: रंग, ओटा, बाथरूमच्या फरशा. डिसेंबरात ताबा मिळाल्यावर प्लंबरने न्हाणीघराची भिंत फोडली आणि आतली जुनी लोखंडी पाइप बोटाने चुरली. अठरा वर्षांच्या इमारतीत हे असणारच, मला सुचायला हवं होतं. दहा रुपयांचं नाणं नळाखाली धरून धार बघितली होती, भिंतीच्या आत काय आहे ते बघितलं नव्हतं. सगळी पाइपलाइन बदलावी लागली. तीनचे ४ लाख ६० हजार झाले. अडचणीला ठेवलेल्या चार लाखांतले दोन उरले, आणि भाची म्हणत होती ते सहा ठेवले असते तर बरं झालं असतं, हे मी तिला बोलून दाखवलं. ती "हं" म्हणाली.

पौष संपल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये वास्तुशांत झाली. भाचीने बाल्कनीच्या काचा काढायला लावल्या, त्यात पाच हजार गेले. झोपाळा बसत नाही, रुंदी कमी पडते. पितळी कड्या घासून खिडकीच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवल्यात. त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, पाव टक्क्याने कमी केला आणि जूनपर्यंत एकूण १ टक्का खाली आला. तिच्या कर्जाचा दर साडेसातवर आला. बँकेने हप्ता तोच ठेवला, मुदत वीसवरून सतरा वर्षांवर आली. तसंच राहू दे, असं मी सांगितलं. घरपट्टीत स्वतः राहत असल्याची चाळीस टक्के सवलत मिळते, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरायचा राहिला होता, तोही भरून घेतला.

ऑगस्टात तिचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. "मामा, साडेसात टक्क्यांनी बावधन बसलं असतं का?"

मी खरंच मांडून बघितलं. ७५ लाखांना लाखामागे ८०६, हप्ता ६०,४५० झाला असता. आणि वरचे साडेअठरा लाख दर कितीही उतरला तरी साडेअठराच राहिले असते. तसं लिहून पाठवलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. चांदणी चौकातून बसमधून जाताना तिला ती इमारत दिसते, सातवा स्लॅब पडलाय, असं. त्याखाली एक फोटो होता: हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर ओल, साधारण परातीएवढी, आणि तिच्या कडेने मुलीने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकलेली. ओल वाढते का ते बघायला म्हणे. सोसायटीची सभा रविवारी आहे, मीपण जाणार आहे.